रचनाकारांची कीर्ती वेशीपाशी का अडते?

पुण्यातील डिसेंबर महिना सवाई गंधर्वांच्या नावाने ओळखला जातो. रामभाऊ कुंदगोळकर ऊर्फ सवाई गंधर्व १९५२ साली निवर्तले. पुढच्याच वर्षी भीमसेन जोशी यांच्या पुढाकाराने त्यांच्या स्मरणार्थ सुरू झालेला उत्सव आज देशातील अग्रगण्य संगीत महोत्सवांत गणला जातो. तो आटोपून महिना-सव्वा महिना लोटतो न लोटतो तोच, पौष वद्य पंचमीस, तंजावरपासून सुमारे १३ किलोमीटरवरील तिरुवैयारू या गावी, कावेरीच्या काठी, दुसरा एक स्मरणोत्सव भरतो. तो त्यागराजांचा. तेथे शेकडो गायक-वादक दाटीवाटीने जमिनीवर बसतात आणि नाट, गौळ, आरभी, वराळी व श्री या पाच रागांतील त्यागराजांच्या पाच कृती एका सुरात गातात. ज्या बंगळूर नागरत्नम्मांनी पदरचे द्रव्य वेचून तेथे समाधिमंदिर उभारले, त्यांचे निधनही १९५२ सालचेच. हा निव्वळ योगायोग होय. परंतु या दोन उत्सवांना जाणाऱ्या श्रोत्यांच्या मनातील पहिला प्रश्न मात्र अगदी निराळा असतो. पुण्याचा श्रोता विचारतो, 'आज कोण गाणार आहे?' तिरुवैयारूत हा प्रश्न गौण ठरतो; तेथे काय गायले जाणार हे ठरलेले असते, आणि ते कोणाचे हेही.

दोन संगीतपद्धतींचे दोन रिवाज, असे म्हणून हा भेद बाजूला सारता येतो. आणि बहुधा तसा तो सारलाही जातो. मराठी वाचकाला तरी तो इतक्या सहजी सारता येऊ नये. त्यागराज ज्या राज्यात जन्मले, वाढले, गायले आणि समाधिस्थ झाले, ते राज्य भोसल्यांचे होते. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावरला जी गादी स्थापिली, ती १८५५ पर्यंत टिकली. १७९९ नंतर कारभार इंग्रजांच्या हाती गेल्याने ती नाममात्र उरली, एवढेच. श्यामा शास्त्री (१७६२–१८२७), त्यागराज (१७६७–१८४७) आणि मुत्तुस्वामी दीक्षितर (१७७५–१८३५) हे कर्नाटक संगीतातील तीन सर्वमान्य रचनाकार. तिघेही या राज्यातील तिरुवारूर या एकाच गावी जन्मले. राजघराण्यालाही संगीताचे वेड होते. शहाजीराजांनी तेलुगूत 'पल्लकी सेवा प्रबंधम्' रचले, तुळजाजीराजांनी संस्कृतात 'संगीत सारामृत' हा ग्रंथ लिहिला. दरबारात येण्याचे राजाचे निमंत्रण त्यागराजांनी नाकारले, अशी आख्यायिका तिकडे लहान मुलांनाही ठाऊक असते. तो राजा मराठी बोलणारा होता, हे मात्र इकडच्या थोरांनाही क्वचितच आठवते. त्याच दशकांत पुण्यात सवाई माधवराव आणि दुसरा बाजीराव यांच्या अमदानीत रामजोशी, होनाजी यांच्या लावण्या गाजत होत्या. मराठ्यांच्या दोन राजधान्या, आणि रचनाकारांच्या दोन स्वतंत्र नामावल्या! यांपैकी एक नामावली पुण्याने जपली. दुसरी पुण्याच्या कानी जवळजवळ पडलीच नाही. आज येथील एखाद्या महाविद्यालयाच्या वर्गात त्यागराजांचे नाव घेतले तर काही हात वर होतील. त्यांच्या एखाद्या कृतीचा राग विचारला तर बहुधा एकही होणार नाही.

असे का व्हावे? 'ज्याची त्याची आवड' हे उत्तर सर्वांत सोपे आणि म्हणूनच सर्वांत निरुपयोगी आहे. रचनाकाराची कीर्ती देशोदेशी कशी बदलते, याचे युरोपातील दाखले पाहिले की त्यातील पोकळपणा उघड होतो. फिनलंडचा यान सिबेलियस हा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंड-अमेरिकेत बीथोव्हेनच्या पंक्तीला बसविला जात होता. त्याच वेळी जर्मन विचारवंत अडोर्नो याने १९३८ साली त्याच्यावर कठोर टीका केली, आणि १९५५ साली पॅरिसमधील संगीतज्ञ लाइबोविट्स याने तर त्याला 'जगातील सर्वांत वाईट रचनाकार' ठरविणारी पुस्तिकाच काढली. इंग्रज कान आणि जर्मन कान यांची घडण जन्मतः वेगळी असते काय? उत्तर अधिक व्यवहारी आहे. १९३० साली सिबेलियसच्या पहिल्या दोन सिंफनींचे लंडनला जे ध्वनिमुद्रण झाले, त्याला फिनलंडच्या सरकारने पैसा पुरविला होता. काजानुस हा फिन्निश वाद्यवृंदसंचालक त्याचा सूत्रधार होता. दोन वर्षांनी एका ब्रिटिश ध्वनिमुद्रिका कंपनीने आगाऊ वर्गणीदार गोळा करून त्याच्या कृतींची मालिकाच काढली. नव्याने स्वतंत्र झालेल्या छोट्या राष्ट्राने आपल्या रचनाकाराची निर्यात केली, असेच याचे वर्णन करावे लागेल. फ्रान्सच्या बेर्लियोझची कथा याच्या उलट. 'ले त्रुआयां' हे त्याचे महानाट्य पॅरिसने त्याच्या हयातीत, १८६३ साली, अर्धेच रंगभूमीवर आणले. ते जवळजवळ सबंध पाहायला मिळाले ते लंडनला, १९५७ साली. स्वदेशापेक्षा परदेशाने त्याची कदर अधिक केली. आणि जपानात बीथोव्हेनची नववी सिंफनी दर डिसेंबरात गावोगावी गायली जाते, त्या प्रथेआधीचा पहिला प्रयोग तर १९१८ साली बांदो येथील युद्धकैद्यांच्या छावणीत जर्मन कैद्यांनी केलेला होता. रसिकतेचा इतिहास असा छावण्यांतून, वखारींतून आणि सरकारी अनुदानांतून वाट काढीत जातो.

पुण्याकडे वळताना एक आक्षेप प्रथमच निकालात काढला पाहिजे. त्यागराजांच्या कृती तेलुगूत आहेत. पुणेकरांना तेलुगू कळत नाही. तेव्हा त्या येथे रुजल्या नाहीत यात नवल ते काय, असे म्हटले जाते. परंतु तेलुगू ही तंजावरच्या तमिळ शेतकऱ्याचीही मातृभाषा नव्हती. तमिळ गीतांना मैफलीत मानाचे स्थान मिळावे यासाठी तेथे चळवळ उभारावी लागली आणि तीतून १९४३ साली मद्रासला तमिळ इसै संगमची स्थापना झाली, याचाच अर्थ तोवर तमिळ श्रोता परभाषेतील रचनांवर तृप्त होता. आणि पुण्याचे काय? पुणेकर जो ख्याल तासन्‌तास ऐकतो त्याची भाषा ब्रज. बड्या ख्यालातील शब्द गायकाच्या उच्चारातून ओळखू येतात असा दावा, नियमाने मैफलींना जाणारा प्रामाणिक श्रोता तरी करणार नाही. ब्रज न कळता सदारंग चालतो, तर तेलुगू न कळता त्यागराज का चालू नये?

नाट्यगीताची गोष्ट वेगळी आहे, हे मान्य केले पाहिजे. तेथे शब्द स्पष्ट असतात, प्रसंग शब्दांवर उभा असतो, आणि म्हणून भाषेची सीमा ही त्याचीही सीमा ठरते. बंगाली माणसाचे रवींद्रसंगीत याच कारणाने बंगालबाहेर फारसे पसरले नाही, जरी त्याच्या रचनाकाराच्या चाली दोन देशांची राष्ट्रगीते होऊन बसल्या. पण येथेही एक भेद डोळ्यांत भरतो. बंगालने गीतप्रकारालाच रचनाकाराचे नाव दिले. महाराष्ट्राने ते गायकाला दिले. 'मानापमान' (१९११) मधील चाली गोविंदराव टेंब्यांच्या, 'स्वयंवर' (१९१६) मधील भास्करबुवा बखल्यांच्या. तरी लोकांच्या तोंडी ती सारी 'बालगंधर्वांची गाणी' होत. बालगंधर्वांच्या थोरवीला यामुळे बाध येत नाही. त्यांच्या नावाचे रंगमंदिर जंगली महाराज रस्त्यावर १९६८ पासून उभे आहे आणि ते योग्यच आहे. भास्करबुवांनी १९११ साली पुण्यात स्थापिलेला भारत गायन समाजही शंभरीपार चालू आहे. परंतु त्या रंगमंदिरात नाट्यगीतांचा कार्यक्रम ऐकून बाहेर पडणाऱ्यांपैकी किती जणांना चालीचा कर्ता सांगता येईल? भीमसेनांच्या अभंगांविषयी हाच प्रश्न विचारता येतो. राम फाटक आणि श्रीनिवास खळे यांनी त्यांतील अनेक अभंगांना चाली दिल्या. घराघरांत पोचलेले नाव मात्र गायकाचे. जितेंद्र अभिषेकी हे अलीकडच्या काळातील अपवाद म्हणावेत, तर 'मत्स्यगंधा' आणि 'कट्यार काळजात घुसली' यांचा हा संगीतकार स्वतः मान्यवर गायक होता, ही गोष्ट त्यामागे आहेच.

याचे मूळ मैफलीच्या घडणीत आहे. ख्यालाची बंदिश दोन-चार ओळींची. स्थायी-अंतरा भरून झाला की पुढचा पाऊण तास गायकाच्या बुद्धीचा आणि गळ्याचा. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर अंतिम मूल्यात कच्च्या मालाचा वाटा थोडा आणि प्रक्रियेचा फार मोठा; श्रोता प्रक्रियेचे मोल देतो आणि नावही तिच्याच कर्त्याचे लक्षात ठेवतो. मुहम्मदशहा 'रंगीले' याच्या दरबारातील नियामत खाँनी ख्यालाच्या अंतऱ्यात 'सदारंग' ही आपली मुद्रा घालून ठेवली होती, ती बहुधा याच भीतीने. 'प्रेमपिया' फैयाज खाँ, 'गुणीदास' जगन्नाथबुवा पुरोहित, 'रामरंग' रामाश्रय झा यांनीही तीच वाट धरली. कर्नाटक पद्धतीत कृतीचा पल्ला मोठा. पल्लवी, अनुपल्लवी, चरण आणि पिढ्यान्‌पिढ्या ठरून गेलेल्या संगती यांनी तिचा देह बांधलेला असतो. आलापना आणि स्वरकल्पनेला तेथे भरपूर वाव आहे. पण ती झाल्यावरही कृती ही कृतीच राहते आणि तिच्या अखेरच्या चरणात 'त्यागराज' हे नाव ठळकपणे ऐकू येते. शिष्यपरंपरांनी ही मिळकत जिवापाड जपली. याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्रिमूर्तींच्या या दबदब्यामुळे तिकडच्या इतर कित्येक रचनाकारांना मैफलीत जागा मिळणे दुरापास्त झाले, अशी तक्रार तेथील जाणकारच करतात.

कायद्यानेही आपल्याकडील अनामिकतेला बराच काळ हातभार लावला. १९५७ च्या प्रतिलिपी अधिकार कायद्यात संगीतकृतीच्या व्याख्येला लिखित किंवा मुद्रित स्वरूपाची अट होती. जी चाल कागदावर उतरली नाही ती कायद्याच्या दृष्टीने जणू अस्तित्वातच नव्हती! १९९४ च्या दुरुस्तीने ती अट गेली. तोवर नाट्यसंगीताचा बहर ओसरून कित्येक दशके झाली होती.

मैफलीच्या घडणीचे हे स्पष्टीकरण हिंदुस्थानी रचनाकारांपुरते पुरेसे आहे. परंतु तंजावरचे रचनाकार पुण्यात का आले नाहीत, याचा उलगडा त्याने होत नाही. कारण तंजावरहून पुष्कळ काही आलेले आहे. विष्णु नारायण भातखंडे १९०४ साली दक्षिणेच्या दौऱ्यावर गेले. एट्टयापुरम येथे ते मुत्तुस्वामी दीक्षितरांच्या घराण्यातील सुब्बराम दीक्षितरांना भेटले. सुब्बराम दीक्षितरांनी मुत्तुस्वामींच्या कृती स्वरलिपीसह ज्या ग्रंथात जतन केल्या, तो 'संगीत संप्रदाय प्रदर्शिनी' हा ग्रंथ तेलुगू लिपीत त्याच वर्षी छापला गेला होता. म्हणजे आधुनिक हिंदुस्थानी संगीतशास्त्राचा कर्ता दीक्षितरांच्या कृतींच्या अगदी उंबरठ्यावर उभा होता. त्याने परत येताना काय आणले? व्यंकटमखीच्या बहात्तर मेळांची व्यवस्था. तिच्याच आधाराने पुढे दहा थाटांची मांडणी झाली आणि आज संगीताच्या परीक्षेला बसणारा प्रत्येक मराठी विद्यार्थी व्यंकटमखीचे नाव पाठ करतो. मेळ आले, कृती तिथेच राहिल्या. भातखंड्यांना याबद्दल दोष देण्याचे कारण नाही. विस्कळीत झालेल्या उत्तरेच्या रागांना व्याकरण देणे हे त्यांचे कार्य होते, आणि क्रमिक पुस्तकमालिकेचे सहा भाग मराठीत काढून त्यांनी सदारंगाच्या बंदिशी खानदानी गवयांच्या पेटाऱ्यातून काढून हिंदुस्थानभरच्या विद्यार्थ्यांच्या हाती दिल्या. सदारंग आज जेवढा लोकांना ठाऊक आहे त्याचे श्रेय दिल्लीपेक्षा मुंबईच्या या वकिलाकडे अधिक जाते. नेमक्या याच गोष्टीवरून दिसते की एका माणसाने काय छापायचे ठरविले यावर रचनाकाराची कीर्ती किती अवलंबून असते.

हंसध्वनी रागाचे उदाहरण आणखी बोलके आहे. हा राग मुत्तुस्वामींचे वडील रामस्वामी दीक्षितर (१७३५–१८१७) यांनी निर्मिला असे मानले जाते, आणि मुत्तुस्वामींची त्या रागातील गणपतीवरची कृती दक्षिणेत मैफलीच्या आरंभी हटकून गायली जाते. भेंडीबाजार घराण्याचे अमान अली खाँ यांनी मुंबईत त्या रागात हिंदुस्थानी बंदिश बांधली, ती प्रचंड लोकप्रिय झाली आणि राग पुण्याच्या घरचा होऊन गेला. कीरवाणी, चारुकेशी, वाचस्पती यांचीही हीच वाटचाल. दर हंगामात पुणेकर हंसध्वनी ऐकतो; दोन्ही दीक्षितर मात्र त्याला अनोळखी. व्यापाराच्या परिभाषेत सांगावयाचे तर दक्षिणेहून कच्च्या मालाची आयात मुक्त राहिली. तयार माल वेशीवरच अडला. जुगलबंदीत तर हे नियमानेच घडते. भीमसेन जोशी आणि बालमुरलीकृष्ण यांच्या जुगलबंद्या अनेकांनी ऐकल्या असतील. बालमुरलीकृष्ण हे त्यागराजांच्या थेट शिष्यपरंपरेतले. पण अशा वेळी दोघांना मानवेल असा राग घ्यावा लागतो, भूप आणि मोहनम्, मालकंस आणि हिंदोळम्. दोन पद्धतींचा मसावि काढला की राग उरतो. रचना गळून पडते.

याला एक लक्षणीय अपवाद होता, आणि तो पुण्याच्या सांगीतिक कुळातच होता. सवाई गंधर्वांचे गुरू अब्दुल करीम खाँ यांनी १९१३ साली पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढले. म्हैसूर-मद्रासकडे त्यांचे नित्य जाणे-येणे असे. त्यांनी केवळ तिकडची सरगम आणि आभोगीसारखे राग घेतले नाहीत. त्यागराजांची खरहरप्रिया रागातील एक कृती त्यांनी स्वतः गाऊन ध्वनिमुद्रित केली. किराण्याहून आलेला, मिरजेला स्थायिक झालेला हा मुसलमान गवई तेलुगू रामभक्ताची रचना गात होता, तेव्हा त्याला भाषेची किंवा पद्धतीची अडचण झालेली दिसत नाही. १९३७ साली पाँडिचेरीकडे जाताना सिंगपेरुमाळ कोईल या लहानशा स्थानकावर त्यांनी देह ठेवला. त्यांच्या शिष्यपरंपरेने त्यांचा सूर घेतला, सरगम घेतली. ती कृती मात्र पुढे कोणाच्या मैफलीचा भाग झाली नाही.

आता उलट दिशेकडे पाहावे. महाराष्ट्रातून दक्षिणेकडे जे गेले ते तयार मालाच्या रूपातच गेले आणि टिकले. तंजावरच्या मराठी दरबाराबरोबर रामदासी मठ गेले, कीर्तनकार गेले. त्यांच्या कीर्तनातील साकी, दिंडी, ओवी, अभंग ही वृत्ते तमिळ हरिकथेने जशीच्या तशी उचलली. मेरुस्वामी नावाचे तंजावरचे मराठी कीर्तनकार तर त्रावणकोरात स्वाती तिरुनाळ महाराजांच्या दरबारापर्यंत पोचले. आजही कर्नाटक मैफलीच्या उत्तरार्धात मराठी अभंग हमखास ऐकू येतो आणि चेन्नईचे श्रोते त्यावर ताल धरतात. त्या श्रोत्यांना मराठी येते असे नव्हे. हे अभंग लोकप्रिय करणाऱ्यांत अरुणा साईराम आणि रंजनी-गायत्री या भगिनी ठळकपणे दिसतात, आणि या तिघींचेही बालपण मुंबईत गेले, हे ध्यानात घेतले की बरेच काही स्पष्ट होते. माटुंग्याच्या दाक्षिणात्य वस्तीत, भजनांच्या बैठकीत, मराठी अभंग त्यांच्या कानांवर पडत होते. नोकरीनिमित्त स्थलांतर केलेल्या कुटुंबांनी तुकोबा आणि नामदेव मद्रासला नेले. रचना जाते ती माणसाच्या गळ्यातून जाते. राग ग्रंथातून आणि तबकडीतून जाऊ शकतो, कारण त्याचे सूत्र थोडक्यात सांगता येते. कृती मात्र समोर बसून, संगतीसह, कोणीतरी शिकवावी लागते.

पुण्यात अशी माणसे नव्हती काय? होती आणि आहेत. रास्ता पेठेत, खडकीत, लष्कर भागात दाक्षिणात्य कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली. अलीकडच्या तीन दशकांत संगणक व्यवसायाने त्यांत मोठी भर घातली. त्यांच्या घरांतून सकाळी वर्णम् आणि कृतींचा रियाझ ऐकू येतो. पण हा प्रवाह आणि सदाशिव-नारायण पेठेतील गायनाचा क्लास यांची गाठ पडत नाही. मुंबईत भजनाने जे केले ते येथे कोणी केले नाही. गंमत अशी की पुरंदरदासांना, म्हणजे कर्नाटक संगीताचे पितामह म्हणून ज्यांना वंदिले जाते त्या पुंडलिकवरदाच्या भक्ताला, पुणे ओळखते. तेही भीमसेनांनी गायिलेल्या दासवाणीमुळेच. गदगचा कानडी मुलगा पुण्यात येऊन राहिला म्हणून दासांची पदे येथे पोचली. दासांची 'पुरंदर विठ्ठल' ही मुद्रा ऐकूनही त्यांना परके मानणे पुणेकराला जमले नसते.

याच शहरात या विधानाला आणखी एक पुरावा उपलब्ध आहे, आणि तो जितका महत्त्वाचा तितकाच दुर्लक्षित आहे. भरतनाट्यम् शिकणाऱ्या मुलींची संख्या पुण्यात मोठी आहे. आडनावे जोशी, कदम, शिंदे, कुलकर्णी. या मुली जे वर्णम् बसवितात त्यांतील पुष्कळशी पोन्नय्या, चिन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलू या चार बंधूंची, म्हणजे तंजावरच्या मराठी दरबारातील नर्तनाचार्यांची रचना असते. त्यागराज, दीक्षितर, श्यामा शास्त्री यांची नावे त्यांना पाठ असतात. इतकेच नव्हे, सरफोजीराजांनी नृत्यासाठी मराठीत रचलेली निरूपणे मुंबईच्या आचार्य पार्वतीकुमारांनी रंगमंचावर आणली, आणि त्यांच्या शिष्या सुचेता भिडे-चापेकर यांनी पुण्यात तंजावरच्या राजांच्या मराठी नृत्यरचनांचा अभ्यास पुढे चालविला. म्हणजे ज्या रचनाकारांना पुण्याच्या संगीतवर्गात प्रवेश नाही, ते नृत्यवर्गात आपल्या घरी असल्यासारखे वावरत आहेत. श्रोते तेच, शहर तेच, भाषेची अडचण तीच. फरक एवढाच की नृत्याबरोबर शिकविणारा गुरू आला आणि त्याने आपला पाठ पूर्णपणे आणला.

तेव्हा आवड आधी की पुरवठा आधी, हा प्रश्न येथे निर्णायक ठरतो. आल्फ्रेड मार्शल याने १८९० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात घटत्या सीमांत उपयोगितेचा नियम मांडताना संगीताचा मुद्दाम उल्लेख केला आहे. उत्तम संगीत जितके ऐकावे तितकी त्याची ओढ वाढते. त्याच्या मते हा नियमाला अपवाद नाही, कारण दरम्यानच्या काळात ऐकणारा माणूसच बदललेला असतो. १९७७ साली स्टिग्लर आणि बेकर या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांनी याच मुद्द्याला निराळे वळण दिले. त्यांच्या मते माणसाची आवड बदलत नाही; ऐकण्याचे भांडवल साचत जाते आणि पुढचे ऐकणे त्यामुळे अधिक फलदायी होते. पंडितांचा हा वाद येथे सोडविण्याची गरज नाही. दोघांच्याही म्हणण्याचा पुणेकरांना लागू पडणारा भाग एवढाच की ज्याची पहिली गुंतवणूक कोणी करीतच नाही, त्याची मागणीही निर्माण होत नाही. आणि मागणी नाही म्हणून आयोजक पुरवठा करीत नाही. हे वर्तुळ आपोआप फुटत नसते. ज्या जयपूर-अत्रौली घराण्याचे नाव ऐकताच पुणेकराची मान आदराने लवते, त्याचे संस्थापक अल्लादिया खाँ यांना कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी आश्रय दिला नसता तर केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर, किशोरी आमोणकर ही मालिका महाराष्ट्र-गोव्याच्या भाग्यात असती काय? आज ज्याला आपण आपली उपजत रसिकता म्हणतो ती बरीचशी एका राजाच्या निर्णयाची फळे आहेत.

पूर्वी आकाशवाणी हे वर्तुळ थोडेफार मोडीत असे. १९५२ साली सुरू झालेल्या अखिल भारतीय संगीत कार्यक्रमात शनिवारी रात्री एखादे वेळी दाक्षिणात्य गायक लागे आणि दुसरे केंद्र लावण्याची फारशी सोय नसल्यामुळे पुण्याचा श्रोता तोही ऐकून घेई. निवडीचा अभाव हीदेखील कधी कधी एक प्रकारची शाळा असते. आता खिशातल्या भ्रमणध्वनीवर जगातील सारे संगीत आहे, पण तो आपल्यापुढे ठेवतो ते काल ऐकले त्याच्यासारखेच. शिवाय तेथील याद्या गायकाच्या नावाने लावलेल्या. बंदिशकाराचे नाव शोधूनही सापडत नाही. भांडार अमर्याद आणि वाट मात्र पूर्वीपेक्षा अरुंद, अशी ही स्थिती आहे.

यात नुकसान कोणाचे? त्यागराजांचे खचितच नव्हे. नुकसान त्या विद्यार्थ्याचे आहे, जो गायन विषय घेऊन पदवीपर्यंत जातो, बहात्तर मेळ लिहितो आणि त्यांपैकी एकाही मेळातील मूळ रचना ज्याच्या गळ्यावर चढलेली नसते. हिंदुस्थानी गळ्याला कर्नाटकी गमक पेलणार नाही, पद्धतीची शुद्धता बिघडेल, अशी भीती गुरुजन व्यक्त करतात. ती अगदीच निराधार नाही. संकर हा सदैव सुंदरच असतो असे नव्हे. परंतु संस्कृतचा विद्यार्थी जर्मन शिकला म्हणून त्याचे संस्कृत बिघडत नाही. मैफलीत कृती गावी असा आग्रह येथे नाहीच. एक-दोन कृती समोर बसून शिकाव्यात, त्यांतील संगती ओळखता याव्यात, रचनाकाराचे नाव ठाऊक असावे, इतकेच अपेक्षित आहे. त्याबरोबरच नाट्यगीत आणि ख्याल शिकविताना चाल कोणाची, बंदिश कोणाची, हे वहीत लिहून देण्याची शिस्तही लागली तर उत्तम.

यासाठी नव्या संस्थेची आवश्यकता नाही की अनुदानाची. पुण्यात विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात संगीत आणि नृत्य एकाच छताखाली शिकविले जाते. खाजगी विद्यालयांतून तर ख्यालाचा वर्ग आणि भरतनाट्यम्‌चा वर्ग पुष्कळदा एकाच वाड्यात, एकाआड एक दिवशी भरतात. नृत्यवर्गाला साथ करणारी कर्नाटक गायिका आठवड्यातून एक तास गायनाच्या विद्यार्थ्यांना मिळाली, आणि परीक्षेच्या अभ्यासक्रमाची पुढची फेररचना होईल तेव्हा बहात्तर मेळांच्या टिपेऐवजी खरहरप्रियातील एका कृतीला दहा गुण ठेवले, तर आरंभ करण्यास तेवढे पुरे आहे.